बीपी-शुगरच्या पुढचा रकाना

वाशिम हा देशातल्या सर्वांत बारकाईने मोजल्या जाणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ११ लाख ९७ हजार लोकसंख्येचा हा जिल्हा जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्या यादीत चारच नावे होती: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचे उस्मानाबाद आणि वाशिम. तेव्हापासून ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती तपासली जाते आणि त्यावरून क्रमवारी लागते. त्यात आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन आहे. गरोदर मातांची नोंदणी, दवाखान्यातली बाळंतपणे, बाळाचे जन्मवजन, लसीकरण, कुपोषण, क्षयरुग्णांचा शोध आणि उपचार अशा गोष्टींचा हिशेब ठेवला जातो.

हा हिशेब हवाच. त्याने अनेक माता आणि बाळांकडे यंत्रणेचे लक्ष गेले. पण वीस वर्षे मधुमेह घेऊन शेती करणारा रिसोडचा शेतकरी, सिकलसेल असलेली मानोऱ्याची शाळकरी मुलगी किंवा दम्यामुळे रात्र बसून काढणारी कारंज्याची आजी या ४९ निर्देशकांत कुठेच बसत नाहीत. त्यांचा आजार बरा होऊन यादीतून वजा होणारा नाही. तो त्यांच्यासोबत शाळेत जातो, लग्नाच्या बैठकीत बसतो, सोयाबीनच्या सोंगणीला शेतात उतरतो आणि म्हातारपणी खाटेशेजारी असतो. अशा माणसाचे कसे चालले आहे, हे मोजायचे कसे? आणि आठव्या वर्षी जे विचारले तेच अठ्ठावन्नाव्या वर्षी विचारून चालेल का?

मोजण्याची सुरुवात गावात झालेली आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घराण्यातला आजार अशा प्रश्नांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी पाठवायचे. मग उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी आणि शुगर बघितली जाते, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते. या फॉर्मच्या शेवटच्या भागात दोन प्रश्न असे आहेत, की ते कुणाच्या चटकन लक्षात येत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत कामात, कशातच रस वाटेनासा झाला असे किती दिवस झाले? उदास, निराश वाटले असे किती दिवस? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या पुढे गेली तर डॉक्टरांकडे पाठवण्याची सूचना आहे.

साठीच्या पुढच्यांसाठी आणखी चार प्रश्न जोडलेले आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, शरीराच्या अपंगत्वामुळे हिंडणे-फिरणे अडते का, जेवणे, अंघोळ, कपडे, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का. एका साध्या सरकारी कागदाने मान्य केले आहे, की वय बदलले की प्रश्नही बदलतात. एवढी समज असलेला फॉर्म गावोगावी पोहोचला, याचे श्रेय द्यायलाच हवे.

अडचण भरण्यात येते. आशाताईंच्या डोक्यावर कामांचा डोंगर असतो. फॉर्म ओट्यावर, सासू-सुनेच्या देखत, शेजारीण बसलेली असताना भरला जातो. अशा वेळी उदास वाटते का, या प्रश्नाला ‘नाही, चांगलं हाय’ हेच उत्तर येणार. कमरेचा घेर चारचौघांत मोजता येतो. मनाचा प्रश्न एकांत मागतो, आणि वऱ्हाडातल्या घरात सुनेला एकांत विहिरीवर किंवा धुऱ्यावरच मिळतो.

आजारी माणसाचे जगणे मोजण्याचे शास्त्र तसे फार जुने नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी सहा कामांची यादी केली: अंघोळ, कपडे, शौचाला जाणे, उठ-बस, मलमूत्रावर ताबा, जेवणे. माणूस यातले काय काय स्वतः करतो, यावरून त्याची अवस्था कळे. पुढे १९९२ च्या सुमारास ‘एसएफ-३६’ ही छत्तीस प्रश्नांची यादी जगभर गाजली. तिच्यातला एक प्रश्न मध्यम कष्टाच्या कामांचा आहे आणि त्यात उदाहरणे दिली आहेत ती टेबल सरकवण्याची, व्हॅक्यूम क्लीनर ढकलण्याची, गोल्फ खेळण्याची. मालेगाव तालुक्यातल्या शेतमजूर बाईला हा प्रश्न जसाच्या तसा विचारला, तर उत्तराला काही अर्थ उरणार नाही. तिच्या कष्टाचे माप निंदण, खुरपण, कापूस वेचणे, डोक्यावरचा हंडा आणि चुलीसाठीचे सरपण हे आहे. हंडा उचलता येतो पण दोन वेळा थांबावे लागते, हीच खरी माहिती.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात ही अडचण ओळखून वेगळा मार्ग घेतला. एका देशात प्रश्न तयार करून बाकीच्यांना वाटण्याऐवजी अनेक देशांतल्या केंद्रांत एकाच वेळी काम सुरू झाले. त्यात दिल्ली आणि मद्रास ही भारतातली केंद्रे होती. त्यातून आधी शंभर प्रश्नांची आणि मग २६ प्रश्नांची छोटी यादी निघाली. शरीर, मन, नातीगोती आणि परिसर असे तिचे चार भाग आहेत. परिसरात पैसा, घर, प्रवासाची सोय, दवाखान्याची उपलब्धता, विश्रांतीची संधी हेही येते. हे चौथे अंग आपल्याकडे फार महत्त्वाचे आहे. इन्सुलिन फुकट मिळाले तरी ते ठेवायला फ्रीज आणि फ्रीजला पुरेशी वीज नसेल, तर मधुमेही मुलाच्या जगण्यातला ताण शरीराच्या तपासणीत दिसणारच नाही.

मुलांपासून सुरुवात करू. वयाच्या अठरापर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याचा देशपातळीवरचा आरंभ महाराष्ट्रातल्याच पालघरमध्ये झाला. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधतात. हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुले अशा तपासणीत सापडतात आणि त्यांच्या शस्त्रक्रिया होतात. शोधण्याचे काम म्हणून हा कार्यक्रम मोलाचा आहे. पण सापडलेल्या मुलाचे पुढचे वर्ष कसे गेले, हे विचारणे त्याच्या रचनेत नाही.

मुलाला विचारायचे कसे, यावर जेम्स वार्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मोठे काम केले. त्यांच्या ‘पेड्सक्यूएल’ या साधनात २३ प्रश्न आहेत: आठ शरीराचे, पाच भावनांचे, पाच मित्रमंडळींचे, पाच शाळेचे. पाच ते सात वर्षांच्या मुलाला आकडे कळत नाहीत, म्हणून त्याच्यापुढे चेहरे ठेवतात. हसरा, मधला, रडवेला. मूल बोट ठेवते. आठ ते बारा आणि तेरा ते अठरा या वयांसाठी वेगळे कागद आहेत. आणि प्रत्येक वेळी आई-वडिलांना तेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात.

इथे एक विलक्षण गोष्ट वारंवार दिसली आहे. दीर्घ आजार असलेल्या मुलांचे पालक मुलाच्या जगण्याला मूल स्वतः देते त्यापेक्षा कमी गुण देतात. निरोगी मुलांच्या बाबतीत कल अनेकदा उलटा असतो. आईला मुलाची सुई दिसते, मुलाला मधल्या सुट्टीतला खेळ. दोघेही खरेच सांगत असतात. म्हणून केवळ आईला विचारून मुलाचा कागद भरणे बरोबर नाही, आणि आपल्या दवाखान्यांत नेमके तेच होते. डॉक्टर आईकडे बघून विचारतात, आई सांगते, मूल स्टुलावर पाय हलवत बसते.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती सिकलसेलमध्ये, कारण हा आजार जन्मापासून आहे आणि प्रत्येक वयात त्याचे रूप निराळे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, तेव्हापासून विदर्भातल्या या दुखण्याची वैद्यकीय जगाला ओळख आहे. अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त. पूर्व विदर्भात अधिक असले, तरी पश्चिमेकडचे जिल्हेही त्यापासून दूर नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना उठते. थंडी, पावसात भिजणे, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप यांनी ही कळ सुरू होऊ शकते. खरिपाचे वेळापत्रक आठवले, की शेतकरी घरातल्या सिकलसेल रुग्णाला किती जपावे लागते ते कळेल.

भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असे बरीच वर्षे म्हटले जाई. आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, हे त्याचे कारण सांगितले जायचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि विदर्भातल्या मुलांचा आजार मुळीच सौम्य नाही, हे पुढे आले. हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेनेही कळा कमी होतात, हेही नागपूरच्याच कामातून दिसले. पाठपुरावा करणारे कुणीतरी असले की सत्य किती बदलते, त्याचा याहून चांगला दाखला विदर्भात शोधावा लागणार नाही.

लहानपणी सिकलसेल म्हणजे सुजलेले हातपाय, वाढलेली प्लीहा, वारंवार ताप. दहा-बारा वर्षांनंतर उंची खुंटते, वयात येणे लांबते, वर्गातल्या मैत्रिणींपेक्षा आपण लहान दिसतो ही बोच लागते. शाळा बुडते. सिकलसेलसाठी खास तयार केलेल्या पेड्सक्यूएलच्या ४३ प्रश्नांत वेदनेसोबत काळजीला आणि संवादालाही जागा आहे. आज रात्री कळ येईल का ही भीती, आपल्याला काय होते ते दुसऱ्याला सांगता न येणे. दहा ते एकोणीस वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ केंद्रे आहेत. तिथे पाळी, पोषण, व्यसन, मनाचे प्रश्न यांवर बोलता येते. दीर्घ आजाराची मुलगी तिथे पोहोचली, तर तिला बोलायला माणूस मिळू शकतो.

मग येते अठरा. आणि इथे सरकारी कागदांमधली एक मोठी फट उघडी पडते.

बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. किशोरांचा एकोणिसाव्या वर्षी. सीबॅक तिसाव्या वर्षी सुरू होतो. मधली अकरा-बारा वर्षे दीर्घ आजार असलेल्या तरुणाला नियमितपणे गाठून ‘कसे चालले आहे’ म्हणून विचारणारा कुठलाही ठरलेला फॉर्म नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली, कार्ड दिली, ही मोठी गोष्ट झाली. कार्डावर आजार आहे की केवळ वाहक, एवढे कळते. कार्डधारकाचे वर्ष कसे गेले, ते कळत नाही.

आणि नेमकी हीच वर्षे धोक्याची असतात. अमेरिकेत डॅलस इथे जन्मापासून नोंद ठेवलेल्या सिकलसेल मुलांचा अहवाल २०१० मध्ये आला. आजाराच्या तीव्र प्रकारातली सुमारे ९४ टक्के मुले अठराव्या वर्षापर्यंत पोहोचली होती. पण अलीकडचे मृत्यू अठरा ओलांडल्यानंतरचे होते आणि त्यांतले अनेक बालरोग विभागातून मोठ्यांच्या दवाखान्यात गेल्यानंतर थोड्याच काळात झालेले. जिथे साधनांची कमतरता नाही तिथे ही स्थिती. वाशिमचा मुलगा अठराव्या वर्षी पुण्याला कंपनीत किंवा कुटुंबासोबत हंगामी कामाला बाहेर पडतो. त्याची फाइल घरच्या ट्रंकेत राहते, नव्या गावातल्या डॉक्टरला त्याची कळ खोटी वाटते, गोळ्या सुटतात. मुलींच्या बाबतीत याच वर्षांत लग्न ठरते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी कार्ड बघा, असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण त्याचा भार मुलीवर जास्त पडतो. कार्ड दाखवले तर स्थळ मोडते, लपवले तर सासरी औषधे लपवून घ्यावी लागतात. या वयाच्या मुलीचे जगणे मोजणाऱ्या कुठल्याही यादीत लग्नाचा प्रश्न नसेल, तर ती यादी विदर्भासाठी अपुरी आहे.

किती काळाचे विचारायचे, हाही कळीचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेची यादी गेल्या दोन आठवड्यांचे विचारते. सिकलसेलची कळ महिन्याआड किंवा तीन महिन्यांनी येऊन चार दिवस माणसाला लोळवू शकते. पावसाळ्याची सरासरी भरून निघाली तरी ऑगस्टमधल्या एका खंडाने पीक जाते, तसे इथे होते: दोन आठवडे छान गेले म्हणून गुण चांगले पडतात आणि वर्ष मात्र हातचे गेलेले असते. म्हणून प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी अमेरिकेत तयार झालेल्या खास साधनात वेदनेच्या झटक्यांबद्दल गेल्या बारा महिन्यांचे विचारतात.

याच चढउताराचा फटका अपंगत्वाच्या दाखल्यात बसतो, आणि तो दाखलाही एक मोजणीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे तिन्ही आजार आले. सिकलसेल रुग्णांची बाजू वर्षानुवर्षे मांडणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे हा आजार सार्वजनिक चर्चेत आला. पण सवलतीसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. शिबिराच्या दिवशी चालत आलेला तरुण किती टक्के अपंग? शिवाय उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांत या रुग्णांचा वाटा आहे, तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताच्या आजारांचे नाव नाही. शिकवायचे आणि नोकरीच्या दाराशी थांबवायचे, यात न्याय दिसत नाही.

प्रौढ वयात प्रश्न हात आणि पाकीट यांच्याकडे वळतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचे दाखवले. म्हणजे हे आजार आता खेड्यातलेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अपंगत्वविषयक प्रश्नावलीत एक साधा प्रश्न आहे: गेल्या ३० दिवसांत तब्येतीमुळे नेहमीचे काम अजिबात करता आले नाही असे किती दिवस? रोजाने जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न लगेच समजतो. मजुरी बुडालेले दिवस तो बोटावर सांगतो. शुगरचा आकडा त्याला आठवणार नाही.

मनाचा भाग मात्र कुणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. वाशिमचे नाव २००६ मध्ये पंतप्रधानांच्या विदर्भ पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत होते, शेतकरी आत्महत्यांमुळे. शेजारच्या अमरावतीतल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जात, मनाच्या दुखण्याबद्दल बोलत, गरज पडली तर समुपदेशकाशी आणि डॉक्टरांशी गाठ घालून देत. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते, नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये राज्य सरकारने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत, वाशिमसह. आशाताईंनी घरोघरी प्रश्न विचारून ताणाखाली असलेली माणसे शोधायची आणि १०४ क्रमांकावरून समुपदेशन मिळायचे, अशी त्याची कल्पना. आता १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांकही आहे.

मन आणि शुगर यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवण्यात काय चूक आहे, हे २०२० च्या एका भारतीय चाचणीने स्पष्ट केले. चार शहरांतल्या मधुमेह दवाखान्यांत, नैराश्यही असलेल्या ४०४ रुग्णांवर ती झाली. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला मन आणि मधुमेह दोन्हींकडे एकत्र बघणारी मदत. नैराश्य निम्म्याने उतरणे आणि सोबत शुगर, रक्तदाब किंवा चरबी यांपैकी काहीतरी सुधारणे, हे दोन्ही साधलेले रुग्ण दुसऱ्या गटात ७१.६ टक्के निघाले, पहिल्यात ५७.४. मनाचे विचारणे हा वेळेचा अपव्यय नव्हता. औषधाइतकाच तो उपचाराचा भाग ठरला.

उतारवयात चित्र पुन्हा पालटते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ हा मोठा अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७० हजारांहून अधिक लोकांची पहिली फेरी झाली. त्यात आजार, रोजची कामे, मनाची अवस्था यांच्यासोबत आयुष्याबद्दलचे समाधानही विचारले गेले, आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची ती योजना आहे. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये तयार झालेली ‘कॅस्प-१९’ ही यादी तर म्हातारपणातल्या आजारांची यादी मागतच नाही. स्वतःच्या आयुष्यावर आपला किती ताबा आहे, मनासारखे करता येते का, जगण्यात आनंद आहे का, असे ती विचारते. वाशिमच्या आजोबांच्या बाबतीत याचा अर्थ फार व्यवहारी आहे. सातबारा मुलांच्या नावे केल्यावर औषधाला पैसे मागावे लागतात का? गुडघे दुखतात तरी पोहरादेवीच्या यात्रेला किंवा कारंज्याच्या गुरुमंदिरात जाता येते का, की कुणी नेईल तेव्हाच?

आता सर्वांत अवघड गाठ. माणूस आजाराशी जुळवून घेतो आणि त्याचे मोजमापच सरकते. १९९९ मध्ये अल्ब्रेक्ट आणि डेव्हलीगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांशी बोलून लिहिले, की त्यांतल्या ५४ टक्के लोकांनी आपले जगणे चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बघणाऱ्यांना ते पटत नव्हते. जन्मापासून वेदना असलेल्या मुलीला वेदनारहित आठवडा हाच सण असतो. तिने दहापैकी आठ गुण दिले, तर ते तिच्या मापाने खरेच आहेत. पण सरकारने त्या आठकडे बोट दाखवून ‘बघा, हिचे ठीक चालले आहे’ म्हणून औषधाचा पुरवठा सैल सोडायचा का? अजिबात नाही. समाधान आणि सोय या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहायला हव्यात. सोशीकपणाला गुण देऊन दवाखान्याचे अपयश झाकले जाऊ नये, ही या सगळ्या शास्त्रातली सर्वांत मोठी खबरदारी आहे.

यावर उपाय एकच दिसतो: एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याची त्याच्याशीच, वर्षानुवर्षे तुलना. गेल्या दिवाळीपेक्षा या दिवाळीला कसे आहे? पेरणीच्या दिवसांत कसे, सोंगणीत कसे, मे महिन्याच्या उन्हात कसे? त्यासाठी मोठी यादीही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘डब्ल्यूएचओ-५’ या १९९८ च्या साधनात पाचच विधाने आहेत. मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपेतून ताजेतवाने उठलो का, दिवस आवडीच्या गोष्टींत गेला का. प्रत्येकाला शून्य ते पाच, बेरजेला चारने गुणले की शंभरपैकी गुण. पन्नासच्या खाली आले तर नीट विचारपूस करायची. ही यादी वापरायला फुकट आहे आणि दोन-तीन मिनिटांत होते.

वाशिममध्ये हे करायला माणसे आता येत आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचे एक. देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आता कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे: पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे घ्यायची आणि पुढची वर्षे त्यांच्याच घरी जात राहायचे. एकाच उंबऱ्यावर तेच पाऊल पुन्हा पुन्हा पडते, अशी सोय सरकारी आरोग्यव्यवस्थेत क्वचितच असते. त्या भेटींत बीपी आणि वजनासोबत पाच विधानांचा कागद, मजुरी बुडालेल्या दिवसांचा एक प्रश्न, आणि अठरा ते तीस वयाच्या आजारी मुलामुलींची स्वतंत्र नोंद एवढे जरी सुरू झाले, तरी मधली फट भरायला लागेल. मुलाला मुलाकडून, सुनेला सासूच्या गैरहजेरीत आणि आजोबांना घाई न करता विचारायचे, हे मात्र विद्यार्थ्यांना आधी शिकवावे लागेल. आणि ते शिकवायला आशाताईंइतके जाणकार गावात दुसरे कोणी नाही. त्यांना त्यासाठी वेगळे मानधन द्यावे.